कुंदा, तुझा तो हॅमॉक

कुंदा, तुझ्या फोटोवरून घरात दोन दिवस वाद चालला होता. फ्रेम करायला धड फोटो सापडेना. लग्नांच्या सगळ्या अल्बममध्ये तू आहेस, पण प्रत्येक ठिकाणी कॅमेऱ्याकडे अशी बघतेस, जणू फोटोग्राफर रांग मोडून पुढे घुसला आहे. आधार कार्डावरच्या फोटोचं तर बोलायलाच नको. शेवटी माझ्या मोबाइलमध्ये एक सापडला. त्यात तू जमिनीवर उताणी पडली आहेस, केसांत वाळका पाला आहे, तोंड उघडं आहे आणि हसून हसून डोळे मिटले आहेत. फोटोभर बारीक चौकडी दिसते, कारण तो मी मच्छरदाणीच्या आतून काढला होता. तुझा दादा म्हणाला, हा लावला तर लोक काय म्हणतील. मी म्हटलं, हा नाही लावला तर लोकांना कळणारच नाही कोण गेलं ते.

तोच लावला आहे. लोक येतात, हात जोडतात, मग मान जराशी वाकडी करून बघतात आणि हळूच विचारतात, बाईंना या फोटोत काय झालं होतं? मी सांगते, काही नाही, हॅमॉक घेतला होता. त्यावर मान डोलावतात आणि चहा घेऊन जातात.

तो पार्सलचा दिवस मला लख्ख आठवतो. तू रिटायर होऊन वर्ष झालं असेल. बसस्थानकावरच्या चौकशीच्या खिडकीतून सुटलेली बाई घरी बसून भाज्या निवडेल असं तुझ्या दादाला वाटलं होतं. तू दारात पार्सल फोडलंस आणि त्यातून पडवळाएवढी एक हिरवी पिशवी निघाली. ती उघडल्यावर त्यातून कापड निघतच गेलं. दिवाणखाना भरला. दादांनी चष्मा वर करून विचारलं, हे काय, मांडव आहे का? तू म्हणालीस, हॅमॉक आहे. जंगलात दोन झाडांना बांधून त्यात झोपतात. वरून मच्छरदाणी आहे, चेन लावली की मुंगीसुद्धा आत येत नाही.

नागपूरच्या बायकांचा कुठलासा गट तुला फोनवर सापडला होता. सगळ्या पन्नाशी-साठीच्या. हिवाळ्यात मेळघाटाच्या बाजूला तीन रात्री जंगलात राहायला जायच्या. बाकीच्या तंबूत झोपणार होत्या. पण तुझे गुडघे तुला ठाऊक. जमिनीवर बसलीस की उठवायला कोणीतरी लागायचं. म्हणून तू डोकं चालवलं होतंस. "मले खाली बसता येत नाही, तर मी टांगून घेतो," असं तू इतक्या सहज सांगितलंस, की मला त्यात काही चूक दिसेना.

दादांना दिसली. झाडाला लटकून झोपायला आपण काय वटवाघळं आहोत का, म्हणाले. मग गप्प झाले. त्यांचं गप्प होणं तुला माहीत होतं. कलेक्टर ऑफिसात आस्थापना विभागात आयुष्य काढलेला माणूस, नाही कधी म्हणायचा नाही, नुसता अर्ज टेबलावर पडू द्यायचा. दोन दिवस त्यांनी दुसरी पोळी घेतली नाही. तिसऱ्या दिवशी हात धुताना म्हणाले, आधी आपल्या शेतात एक दुपार त्यात पडून दाखव. वहिनीला सोबत ने. ती खोटं बोलत नाही. हाडं शाबूत राहिली तर जा.

तुला आपल्या वयाच्या बाईनं भावाची परवानगी घ्यावी याचं काही वाटलं नाही का, असं मी तुला नंतर विचारलं होतं. तू म्हणालीस, परवानगी कोण घेऊन राह्यलं? मी त्याले घाबरू नको म्हणून सांगून राह्यली.

बाभुळगावच्या गाडीनं आपण निघालो. तू आमच्या मुलाची जुनी ट्रॅकपँट घातली होतीस आणि वर कुडता. मी साडीच नेसले होते, कारण मला फक्त साक्ष द्यायची होती. गाडीत तू खिडकीशी बसलीस आणि वाटेतल्या प्रत्येक थांब्याचं नाव गाडी थांबायच्या आधी पुटपुटत होतीस. कंडक्टरनं दोनदा वळून पाहिलं. फाट्यावर उतरून आपण बांधावरून, धुऱ्याधुऱ्यानं शेतात गेलो. हरभरा गुडघ्याएवढा झाला होता. आपलं शेत कसणारी बंजारा तांड्यावरची जमनाबाई पलीकडच्या तुकड्यात शेवटचा कापूस वेचत होती. लांबून तिनं हात केला. तूही केलास, पण पिशवी पाठीमागे लपवलीस.

धुऱ्यावरचे ते दोन साग तू आधीच हेरून ठेवले होतेस. पट्टे बांधायला आपल्याला किती वेळ लागला असेल? कागदावर चित्रं होती. चित्रातली बाई बारीक होती, हसत होती आणि तिला कोणी वहिनी नव्हती. पहिल्यांदा आपण पट्टे इतके ढिले बांधले की तू आत बसलीस आणि हॅमॉक तुझ्यासकट अलगद जमिनीला टेकला. तू तशीच बसून राहिलीस. म्हणालीस, असं तर मी सतरंजीवरही बसली असती. मग मी तुला ओढून उभं केलं. दुसऱ्यांदा आपण रागानं बांधले. कापड असं ताणलं गेलं की वाजवलं असतं तर वाजलं असतं. तू पाठमोरी होऊन बूड टेकवलंस, पाय वर घेतलेस, आणि मला तू एका बाजूनं आत जाताना दिसलीस, ती लगेच दुसऱ्या बाजूनं बाहेर येताना दिसलीस. मधे काही झालंच नाही. हरभऱ्यात पडलीस म्हणून लागलं नाही. तू मला सांगितलंस, हे दादाले सांगायचं नाही. मी म्हटलं, तुझी हाडं शाबूत आहेत एवढंच मी सांगणार आहे.

तिसऱ्यांदा जमलं. तू आत आडवी झालीस, पण सरळ नाही, तिरपी. डोकं एका कोपऱ्यात, पाय दुसऱ्या कोपऱ्यात. मी म्हटलं, अगं सरळ झोप, असं काय पोत्यातल्या काकडीसारखं? तू म्हणालीस, तिरपंच झोपायचं असतं, तसं झोपलं की पाठ सपाट राहते, सरळ झोपलं की माणसाचं केळं होतं. मी म्हटलं, पाळणा आहे तो, पाळण्यात कोणतं बाळ तिरपं झोपतं? त्यावरून आपलं जुंपलं. आपलं कशावरून जुंपलं नाही, कुंदा? वरणात गूळ, पडद्याचा रंग, पोरांची नावं. पण त्या वादाला वेगळीच धार होती, कारण तू आडवी होतीस आणि मी उभी. शेवटी मी चपला काढल्या आणि म्हटलं, ऊठ, मी दाखवते.

मी सरळ झोपले. केळं झालं, हे मी तेव्हाही मान्य केलं नाही आणि आत्ताही करत नाही. थोडा बाक आला, एवढंच. तू मोठ्या उत्साहानं मच्छरदाणी ओढलीस आणि चेन सर्रकन लावलीस, माझ्या पदरासकट. ती अर्ध्यावर अडली ती अडलीच. ना पुढे ना मागे. मी आतून ओढलं तर पदर फाटायला लागला. तू बाहेरून ओढलंस तर मी हलायला लागले. मी हलले की तू हसायचीस, तू हसलीस की तुझ्या हातातली ताकद जायची. असं आपण बराच वेळ केलं. मग हसता हसता तू खाली बसलीस, आणि बसल्यावर आपल्या दोघींच्याही एकदम लक्षात आलं की आता तुला कोण उठवणार?

तू उताणी पडलीस. मी तुझा फोटो काढला. बाकी मी काय करू शकत होते? तुझ्या दादांना फोन लावू का, असं मी विचारलं, तर तू झोपल्या झोपल्या बोट उगारलंस. इथवर आणलेली यात्रा तुला एका चेनपायी सोडायची नव्हती. म्हणून आपण तशाच राहिलो. मी वर, तू खाली. मधे ते हिरवं कापड. सागाची मोठाली वाळकी पानं एकेक करून पडत होती. ती पडताना माणूस चालत आल्यासारखा आवाज होतो, म्हणून आपण दर वेळी सावध व्हायचो.

मग तू बोललीस. तुझं तोंड मला दिसत नव्हतं.

"वहिनी, मी तीस वर्सं लोकायले गाड्या सांगतल्या. राळेगावची लागली, उमरखेडची लागली. लोकं गेले. तिकडं काय पाह्यलं, हे सांगाले एकही जन वापस खिडकीवर आला नाही."

मी हूं म्हटलं. थोड्या वेळानं तू पुन्हा म्हणालीस, "आन् झोपायचं म्हनशील, तर या घरात मी कुठं कुठं नाही झोपली. पाहुने आले का माही गादी सरकते. मधली खोली, सैपाकघर, पोरायच्या परीक्षा असल्या का जिन्यापाशी. मले त्याचं वाईट नाही वाटत. पन हे एक मी माह्यासाठी घेतलं. जाईन तिथं बांधीन. कोनी आलं तरी मले सरक म्हननार नाही."

मी वर लोंबकळत होते. माझ्या पाठीखाली हातभर अंतरावर तू होतीस. तेव्हा काहीतरी बोलायला हवं होतं. मला शब्द सुचले ते एवढेच: "आधी चेन काढ मग सांग." आणि आपण पुन्हा हसायला लागलो. ते उत्तर नव्हतं, हे तुलाही कळलं असेल. उत्तर मला त्यानंतर बरेचदा तोंडाशी आलं. कधी तू फोडणी देत होतीस, कधी टीव्ही बघत होतीस. आज सांगते. तुझी गादी कुठेही सरकली तरी रात्री मला जाग आली की मी आधी तू कुठे आहेस ते बघायची. तू सापडलीस की मला परत झोप लागायची. तुला जागा नव्हती असं तुला वाटायचं, आणि मला घर कुठून कुठपर्यंत आहे ते तुझ्या गादीवरून कळायचं. हे तुला तेव्हा सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, फालतू नको बोलू वहिनी, पदर सांभाळ.

तेवढ्यात जमनाबाई आली. बिचारीनं पलीकडून पाहिलं होतं ते असं: दोन झाडांच्या मधे झोळी, झोळीत माणूस, आणि खाली दुसरं माणूस आडवं. त्यांच्या तांड्यावर रस्ता नव्हता तेव्हा आजारी माणसाला झोळीतच घालून दवाखान्यात न्यायचे. कापसाची ओटी तशीच सांभाळत, "याडी वो, याडी वो" असा आईचा धावा करत ती धावत आली आणि धापा टाकत तिनं विचारलं, "कोन गेलं वो बाई?"

तू खालून म्हणालीस, "कोनी नाही गेलं. चेन अटकली."

जमनाबाईनं आधी तुला बसतं केलं, मग ओटीतल्या कापसाचं बी काढावं तसा हळूच माझा पदर चेनमधून काढला. मी पाय खाली सोडले तेव्हा ती मला नीट न्याहाळून म्हणाली, "आमी लेकराले झोळी बांधतो. पन एवढं मोठं लेकरू पह्यल्यांदाच पाह्यलं." मग तिला एकदम काहीतरी आठवलं आणि तिचा चेहरा पडला. धावत येताना तिनं दादांना फोन करून टाकला होता. बाईले काहीतरी झालं, झोळीत टाकून ठेवलं हाये, असं सांगितलं होतं. कोणत्या बाईला ते तिलाही ठाऊक नव्हतं, म्हणून तिनं सांगितलं नव्हतं.

आपण परत फोन लावला तर दादा उचलेनात. स्कूटरवर होते ते. तू डबा उघडलास. म्हणालीस, आता जे व्हायचं ते पोटभर होऊ दे. आपण तिघी धुऱ्यावर बसून भाकरी आणि ठेचा खात होतो, तू पालथ्या घातलेल्या घमेल्यावर, तेव्हा ते आले. अंगात बंडी, खाली ऑफिसची पँट, एका पायात त्यांची चप्पल, दुसऱ्यात माझी. खांद्याला पिशवी. त्यात घरातले यच्चयावत रिपोर्ट कोंबले होते, आपल्या मुलीचा शाळेतला हात मोडल्याचा एक्स-रेसुद्धा. त्यांनी आधी तुझ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. दोघी खात होतो. मला वाटलं आता ओरडतील, आणि ओरडले असते तर बरं झालं असतं. पण त्यांचे पाय थरथरत होते, कुंदा. तुला दिसलं ते. म्हणून तर तू घमेल्यावरून उठायची धडपड करायला लागलीस. त्यांनी हातानंच बस म्हटलं. आजूबाजूला टेकायला काही नव्हतं. ते दोन पावलं मागे सरकले आणि हॅमॉकवर टेकले.

टेकले ते कलंडले. घाबरून पाय वर घेतले, स्वतःला कसंबसं सावरलं आणि जसे पडले तसेच राहिले. तिरपे.

तू माझ्याकडे बघितलंस. ती नजर मी विसरणार नाही. मी मान फिरवली आणि जमनाबाईला ठेचा वाढला.

आपण त्यांना पाणी न्यायचं म्हणून गेलो तर ते झोपले होते. तोंड उघडं, पिशवी पोटावर, आणि घोरणं असं की सागावरची पाखरं उडाली. हा माणूस घरात पंख्याचा आवाज झाला तरी उठतो, पलंगाचा पाय करकरला तरी उठतो. तिथे तो उन्हं उतरेपर्यंत झोपला. जमनाबाई आपल्या कामाला गेली. मी तुझ्या शेजारी बसून हरभऱ्याचे घाटे सोलत होते. आपण कुजबुजत होतो, जसं बाळ झोपल्यावर कुजबुजतात. तू मला विचारलंस, काय सांगशील दादाला? मी म्हटलं, त्यांना आता काय सांगायचं राहिलं आहे?

उठल्यावर ते बराच वेळ वर फांद्यांकडे बघत होते. मग बाजूला न बघता म्हणाले, "कुंदे, डावीकडचा पट्टा वीतभर खाली घे. डोक्याकडून उतार येतो." एवढंच. अर्जावर सही झाली होती.

तू गेलीस मेळघाटाला. जाताना त्यांनी तुला टॉर्च, शिट्टी आणि दोरीचं एक भेंडोळं दिलं. परत आल्यावर तू आठवडाभर बोलत होतीस, आणि आम्ही दोघं ऐकत होतो. रात्री जंगलात कसे आवाज येतात, पहाटे दव कसं कापडावर जमतं, आणि एक अस्वल म्हणे तुझ्याखालून गेलं. अस्वलावरून दादांनी तुझी कसून उलटतपासणी घेतली. शेवटी ते डुक्कर असेल इथपर्यंत तू खाली आलीस, पण अस्वलाएवढं. त्यानंतर आणखी दोनदा गेलीस. घरी असलीस की हॅमॉक गच्चीवर पाण्याची टाकी आणि जिन्याचा कठडा यांच्यामधे बांधलेला असायचा. पाहुणे आले तरी तू वर जायचीस, आणि तुला कोणी सरक म्हणत नव्हतं, कारण वर यायची कोणाची हिंमत नव्हती.

त्या सकाळबद्दल मी लिहिणार नाही. चहा गार झाला, मी दोनदा हाक मारली, बस. डॉक्टर म्हणाले, झोपेतच. लोक म्हणतात पुण्यवान मरण. मला राग येतो. तुझ्याशी भांडायचं किती शिल्लक होतं. तिरपं की सरळ हे तरी ठरायचं होतं. तुझ्या बाजूनं बोलायला आता कोणी नाही, मी एकटीच न्यायाधीश आहे, तरी निकाल माझ्या बाजूनं लागत नाही.

तेरवीला तुझ्या त्या नागपूरच्या बायका आल्या. एका जीपमधून सात जणी. मी त्यांना पहिल्यांदा बघितलं. एकीचे केस पूर्ण पांढरे आणि बॉयकट, एकीच्या पायात बूट. दिवाणखान्यात बाकीच्या मंडळींनी त्यांना जागा करून दिली. त्या तुझ्याबद्दल काय काय सांगत होत्या. तुझ्या अस्वलावर त्यांचाही विश्वास बसला नव्हता. मग ती बॉयकटवाली माझा हात धरून म्हणाली, पुढच्या कॅम्पसाठी कुंदाताईंची जागा धरून ठेवली आहे, ती दुसऱ्या कोणाला द्यायचं मन होत नाही. वहिनी, तुम्ही याल का?

मी काहीतरी बोलणार होते. माझी कंबर, घर, हे सगळं. तेवढ्यात कोपऱ्यातून खाकरल्याचा आवाज आला. तुझा दादा. तू गेल्यापासून हा माणूस कामापुरतं हो-नाही करत होता. मुलांना वाटत होतं, बाबांना डॉक्टरकडे न्यावं लागेल. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला, आणि कुठल्यातरी सरकारी योजनेची माहिती विचारावी तसं विचारलं, "तुमच्यात पुरुष घेतात का?"

ती बाई गोंधळली. म्हणाली, नाही हो काका, फक्त बायकांचाच गट आहे.

"बरं," दादा म्हणाले. "नियम आहे तर आहे." मग म्हणाले, "पण पट्टे बांधायला, सामान धरायला कोणी लागत असेल. मी लांब झोपेन."

मला हसू फुटलं, कुंदा. तुझ्या तेरवीला, भरल्या घरात, तुझ्या फोटोसमोर. दाबायला गेले तर आणखी फुटलं. मी पदर तोंडाला लावला आणि मान खाली घातली. माझे खांदे हलत होते. शेजारच्या काकूंना वाटलं मी रडते आहे. त्या सरकून जवळ आल्या आणि माझ्या पाठीवरून हात फिरवायला लागल्या. मी त्यांना फिरवू दिला. थोड्या वेळानं तर त्यांचं चुकलंय असंही मला म्हणता आलं नसतं.